रबराचे मोहन

शाळकरी मुलांच्या कंपासपेट्या हा आमच्या दीर्घ परिचयाचा विषय आहे. परीक्षेच्या दिवशी एखाद्या बाकापाशी उभे राहून अशी पेटी उघडून पाहावी, तो तिच्यात एक दृश्य बहुधा आढळतेच. पांढरेशुभ्र, गुळगुळीत खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला घट्ट चिकटून बसलेले असते. ते ओढून काढले तर पट्टीवर त्याच्या आकाराचा खोलगट, चिकट वण उमटलेला दिसतो आणि त्या जागचे सेंटिमीटरचे आकडे कायमचे नाहीसे झालेले असतात. दोन वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलीने अशी पट्टी आमच्यापुढे धरून विचारले, "सर, खोडरबराने पट्टी खाल्ली. पण त्याला तोंड कुठे आहे?"

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. समास सोडवावयाचा असता किंवा होळकरशाहीतील एखादा प्रसंग सांगावयाचा असता, तर आम्ही तेथल्या तेथे उत्तर दिले असते. या प्रश्नापुढे मात्र आम्ही निरुत्तर झालो आणि उद्या सांगतो असे आश्वासन देऊन विज्ञानाच्या शिक्षकांकडे गेलो. त्यांचे उत्तर एका वाक्याचे होते: खोडरबरात मिसळलेले तेल बाहेर निघाले आणि पट्टीत शिरले. मुलीचे समाधान झाले. आमचे झाले नाही. रबरात तेल कशासाठी, ते कोणते, ते बाहेर का येते, असे एकातून एक प्रश्न निघत गेले. त्यांचा माग काढता काढता आम्ही टायरांच्या कारखान्यापर्यंत, गोव्याच्या काजूबागांपर्यंत आणि अखेर आमच्याच माळव्यातील सोयाबीनच्या शेतापर्यंत येऊन पोहोचलो. विषय आमच्या अधिकाराबाहेरचा आहे, ही जाणीव ठेवूनच ही हकीकत आमच्या शिक्षकबंधूंपुढे आणि सभासदांपुढे ठेवीत आहोत.

रबरात तेल का घालतात, याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधण्यापूर्वी स्वयंपाकघरात शोधावे. शंकरपाळ्यांचे पीठ भिजविण्याआधी गृहिणी त्यात कडकडीत तेलाचे किंवा तुपाचे मोहन घालते. मोहन कमी पडले तर शंकरपाळी दगडासारखी होतात. जास्त झाले तर कढईत विरघळतात. पुरणपोळीची कणीक तर तेल लावून लावून तिंबतात, तेव्हाच ती ताणली जाते आणि पोळी न फाटता लाटता येते. पीठ पाण्यात मळले असता त्यात चिवट धाग्यांचे जाळे तयार होते. तेल त्या धाग्यांच्या मध्ये शिरून त्यांना परस्परांशी जखडू देत नाही आणि एकमेकांवरून सरकू देते.

रबराची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. रबर झाडाच्या चिकाचे असो वा कारखान्यात घडविलेले असो, ते अतिशय लांब रेणूंचे बनलेले असते. एकेका रेणूत हजारो अणू साखळीच्या कड्यांप्रमाणे एकापुढे एक सांधलेले असतात आणि अशा असंख्य साखळ्या न विंचरलेल्या केसांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. थंडी वाढली की त्यांची हालचाल मंदावते आणि एका विशिष्ट तापमानाखाली तर तेच रबर काचेसारखे ठिसूळ होते. केसांना तेल लावल्यावर फणी जशी सहज फिरते, तसे लहान रेणूंचे तेल या साखळ्यांच्या मध्ये गेले की त्यांना हालचालीस वाव मिळतो. त्यामुळे कच्चे रबर यंत्रात कमी शक्तीने मळले जाते, त्यात काजळी व इतर भुकट्या एकजीव होतात आणि तयार वस्तू थंडीतही लवचीक राहते. अशा द्रव्यास उद्योगाच्या भाषेत प्लॅस्टिसायझर म्हणतात. कोणी 'मृदुकारक' असा प्रतिशब्द योजील आणि तो शास्त्रीय लेखनास शोभेलही. परंतु ज्या भाषेत या क्रियेसाठी घराघरांत 'मोहन' हा शब्द नांदतो आहे, त्या भाषेच्या शिक्षकाने निदान पहिल्या तासाला तरी तोच शब्द वापरावा, असे आम्हांस वाटते. मुलास तो समजावून सांगावा लागत नाही.

आता पुन्हा खोडरबराकडे वळू. आज मुलांच्या हाती असलेले पांढरे खोडरबर बहुधा रबराचे नसतेच. ते पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असते. मुळात कठीण असलेले पीव्हीसी भरपूर मृदुकारक घालूनच असे मऊ करता येते. हा मृदुकारक पीव्हीसीशी रासायनिक बंधाने बांधलेला नसतो; तो भाड्याच्या घरातील बिऱ्हाडकरूसारखा राहतो आणि शेजारी दुसरे मानवणारे प्लॅस्टिक मिळाले की तिकडे हळूहळू बस्तान हलवितो. खोडरबराभोवती कागदाचे वेष्टन घातलेले असते ते केवळ शोभेसाठी नव्हे. तेल आणि पट्टी यांच्यामधील ती भिंत आहे. मुले ती पहिल्याच दिवशी फाडून टाकतात.

या पांढऱ्या खोडरबराच्या आधीचे, किंचित भुगा पडणारे खोडरबर मात्र खऱ्या रबराचे असे. शिसपेन्सिलीच्या खुणा या पदार्थाने पुसल्या जातात, हे जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने १७७० साली नमूद केले आणि घासून पुसणारा तो 'रबर' हे इंग्रजी नाव त्यावरूनच रूढ झाले. या खोडरबरात फॅक्टिस नावाचे एक द्रव्य मिसळीत. मोहरीच्या जातीच्या बियांचे तेल गंधकाबरोबर तापविले म्हणजे तेलाचे रेणू गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांस जोडले जातात आणि मऊ, भुसभुशीत गोळा तयार होतो, तोच फॅक्टिस. त्याने रबर मऊ होई आणि कागदावर घासताना त्याचे कण सहज सुटत. तेलाचे रेणू परस्परांत गुंफले गेल्यामुळे ते बाहेरही येत नसत. अर्थात् रबरासाठी वनस्पतिजन्य मोहन ही आजच्या युगाने लावलेली युक्ती नव्हे. एकोणिसाव्या शतकापासून ती चालत आली आहे. आज ती नवी वाटते, कारण मध्यंतरीच्या काळात आपण ती विसरलो. हे विस्मरण कसे घडले ते पाहू.

१९४२ साली जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकले, तेव्हा अमेरिकेस होणारा नैसर्गिक रबराचा सुमारे नव्वद टक्के पुरवठा एकाएकी तुटला. रबराशिवाय विमान उतरत नाही आणि लष्करी मोटार हलत नाही. जर्मनीत १९२९ च्या सुमारास स्टायरीन आणि ब्युटाडाईन या दोन द्रव्यांपासून कृत्रिम रबर बनविण्याची रीत निघाली होती. त्याच रबराचे प्रचंड उत्पादन अमेरिकेने युद्धकाळात उभारले. आजही मोटारींच्या टायरांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाते ते हेच स्टायरीन-ब्युटाडाईन रबर. युद्धानंतर ते सुमारे ५ अंश सेल्सिअस इतक्या कमी तापमानास बनवू लागले, तेव्हा त्याचे रेणू अधिक लांब आणि वस्तू अधिक टिकाऊ झाली. परंतु रबर इतके चिवट निघाले की यंत्रात मळणे कठीण होऊन बसले. १९५० च्या सुमारास त्यावर उपाय निघाला. रबर तयार होत असतानाच त्यात खनिज तेल मिसळावयाचे. या जातीच्या एका सुप्रसिद्ध रबरात तेलाचे प्रमाण शंभर भाग रबरास साडेसदतीस भाग असे असते. तेल रबराहून स्वस्त. त्यामुळे माल मऊ झाला आणि स्वस्तही झाला. पेट्रोलियम मुबलक होते. मोहरीच्या तेलाची आठवण कोणास राहणार?

या खनिज तेलात एक दोष होता. स्टायरीन-ब्युटाडाईन रबराशी उत्तम एकजीव होणारी तेले पेट्रोलियमच्या शुद्धीकरणात निघणाऱ्या, वलयाकार रेणूंनी भरलेल्या गाळाची होती. अनेक वलये एकमेकांस जोडलेल्या अशा काही संयुगांपैकी बेंझोपायरीन हे एक. तंबाखूच्या धुरात आणि काजळीतही ते सापडते आणि मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना झाली आहे. टायर रोज रस्त्यावर झिजतो. त्याची भुकटी धुळीत मिसळते, पावसाबरोबर ओढ्यात जाते. तिच्याबरोबर तिच्यातील तेलही जाते. युरोपीय संघाने २००५ साली कायदा करून १ जानेवारी २०१० पासून टायरांतील तेलावर बंधन घातले: एक किलो तेलात बेंझोपायरीन १ मिलिग्रॅमहून अधिक नसावे आणि अशा आठ नेमलेल्या संयुगांची बेरीज १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. कारखान्यांनी अधिक शुद्ध केलेली खनिज तेले घेतली आणि कायदा पाळला. तथापि या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. तेल जमिनीच्या पोटातूनच काढले पाहिजे, असे कोठे आहे?

असाच प्रश्न दुसऱ्या एका बाजूनेही उभा राहिला होता. पेट्रोल आणि वंगण यांच्या संपर्कात असणाऱ्या नळ्या व चकत्या नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराच्या करतात, कारण ते खनिज तेलात फुगत नाही. पण ज्या गुणामुळे ते बाहेरचे खनिज तेल आत घेत नाही, त्याच गुणामुळे मोहन म्हणूनही ते घेत नाही. रसायनशास्त्रात सारख्यास सारखे मानवते. म्हणून नायट्राइल रबरास निराळ्या स्वभावाची द्रव्ये लागतात आणि त्यांत थॅलेट वर्गातील द्रव्ये फार काळ वापरली गेली. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांपैकी काहींचा प्रजननशक्तीवर अनिष्ट परिणाम दिसून आला. खेळण्यांत आणि बालकांच्या वस्तूंत अशा तीन थॅलेटांचे प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक असू नये, असा निर्बंध युरोपीय संघाने २००५ साली कायम केला.

आता वनस्पतींकडे वळू. टायरांच्या बाबतीत सर्वांत गाजलेले उदाहरण सोयाबीनचे आहे. अमेरिकेतील गुडइयर कंपनीने तेथील सोयाबीन उत्पादकांच्या मंडळाच्या द्रव्यसाहाय्याने प्रयोग केले आणि २०१७ साली सोयाबीन तेल घातलेला टायर बाजारात आणला. पेट्रोलियमपासून निघणारे तेल २०४० पर्यंत आपल्या मालातून पूर्णपणे काढून टाकावयाचे, असे या कंपनीने जाहीर केले आहे. ज्याच्या नावावरून तिचे नाव ठेवले, त्या चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची रीत शोधली. परंतु कंपनी स्थापन झाली १८९८ मध्ये, तो कर्जबाजारी अवस्थेत वारल्यानंतर अडतीस वर्षांनी. जपानच्या योकोहामा कंपनीने संत्र्याच्या सालीतील तेल वापरले आहे. म्हणजे हा केवळ प्रयोगशाळेतील खेळ राहिलेला नाही.

सोयाबीन तेलाचा गुण असा की ते थंडीतही पातळ राहते. त्यामुळे रबरही थंडीत नरम राहते आणि हिवाळी रस्त्यावर चांगली पकड घेते. त्याचा दोष मात्र समजून घेण्याजोगा आहे. सोयाबीन तेलातील मेदाम्लांपैकी निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असते आणि त्याच्या साखळीत दोन ठिकाणी दुहेरी बंध असतात. दुहेरी बंध म्हणजे जोडणीसाठी पुढे केलेला हात. रबर पक्के करण्यासाठी घातलेला गंधक रबराच्या साखळ्यांस टाके घालावयाचा. तो वाटेत तेलाच्या या हातांनाच जाऊन मिळतो. परिणामी रबरास टाके कमी पडतात आणि माल ढिला होतो. मग गंधकाचे व त्यास वेग देणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण नव्याने बसवावे लागते. परंतु याच दोषात एक गुणही दडलेला आहे. जो तेलाचा रेणू गंधकाने रबराशी बांधला गेला, तो मग सहजासहजी बाहेर पडत नाही. बिऱ्हाडकरू घरचा होऊन जातो. फॅक्टिस बनविणाऱ्यांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होती.

दुहेरी बंधांवर ऑक्सिजनचा अणू बसवून या तेलाचा स्वभाव बदलताही येतो. त्यास एपॉक्सी सोयाबीन तेल म्हणतात. ते नायट्राइलसारख्या रबरास आणि पीव्हीसीला अधिक मानवते. बाटल्यांच्या झाकणांतील मऊ चकतीत ते पुष्कळ वापरले जाते. मात्र तेही चकतीतून लोणच्यासारख्या तेलकट पदार्थांत उतरते, असे आढळल्यामुळे युरोपीय संघास त्याच्यावरही मर्यादा घालावी लागली: एक किलो अन्नात ६० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बालकांच्या अन्नात ३०. वनस्पतीपासून निघाले म्हणून ते जागच्या जागी राहील, असे निसर्गाने कोणास वचन दिलेले नाही.

दुसरे उदाहरण एरंडाचे. एरंडाचे नाव निघताच वाचकांस गुऱ्हाळाची आठवण होईल. म्हणून हा भाग आटोपशीरच सांगतो. एरंडेल दाहक अल्कलीबरोबर सुमारे २५० अंशांस तापविले असता त्याच्या रेणूचे दोन तुकडे होतात आणि त्यांतून सेबॅसिक नावाचे आम्ल मिळते. त्यापासून केलेला डायऑक्टिल सेबॅकेट हा थंडीत टिकणारा एक नामांकित मृदुकारक आहे. तो वनस्पतिजन्य म्हणून ओळखला जातो. पण जरा हिशेब मांडून पाहू. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २६ अणू असतात. त्यांपैकी १० एरंडातून आलेले. उरलेले १६ ज्या अल्कोहोलातून येतात ते सामान्यतः पेट्रोलियमपासून करतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक माल खनिजच. जगात एरंडाचे सर्वाधिक उत्पादन भारतात होते आणि त्यातही मोठा वाटा गुजरातचा. वडोदऱ्याच्या आमच्या सभासदांनी ही शेते पाहिलीच असतील. सेबॅसिक आम्लाचे उत्पादन मात्र प्रामुख्याने चीनमध्ये होते आणि आपले एरंडेल तिकडे जाते.

तिसरे उदाहरण काजूचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड गोव्यात आणि कोकणात इतके रुजले की ते परके आहे, हे सांगितल्याशिवाय पटत नाही. ओली बी हाताने सोलणारास तिच्या टरफलातील तेलाचा प्रसाद बहुधा मिळालेला असतो. कातडी काळी पडून सोलपटते. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला. परटाने कपड्यावर घातलेली बिब्ब्याची खूण जशी धुऊन जात नाही, तसाच हा डागही जात नाही. टरफलाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा हे तेल असते. ते तापविले म्हणजे त्यातील आम्लाचा कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल हे द्रव्य उरते. त्याच्या रेणूच्या एका टोकास फिनॉलचे वलय आणि त्यास जोडलेली पंधरा कार्बन अणूंची शेपटी. शेपटीमुळे रबर मऊ होते, वलयामुळे हवेने रबर जुनाट होण्याची क्रिया मंदावते आणि शेपटीतील दुहेरी बंधांमुळे ते रबराशी बांधलेही जाऊ शकते. नैसर्गिक आणि नायट्राइल, दोन्ही रबरांत त्याचे प्रयोग झाले आहेत. त्याचा काळसर रंग आणि कातडीस होणारा उपद्रव या अडचणी आहेतच. परंतु एक मोठा गुण असा की हे तेल कोणाच्या ताटातले नव्हे. गर काढून घेतल्यावर मागे राहणाऱ्या टरफलातून ते निघते.

ताटाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. गेल्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञान-प्रदर्शन भरले होते. एका गटाने सोयाबीन तेलाच्या टायरांवर सुंदर तक्ता तयार केला होता आणि त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: 'वनस्पतिजन्य म्हणजे निर्दोष'. आम्ही त्या मुलांची पाठ थोपटली. पालकांमध्ये इंदूरजवळच्या एका गावचे, स्वतः सोयाबीन पेरणारे एक गृहस्थ होते. त्यांनी तक्ता लक्षपूर्वक वाचला आणि नम्रपणे विचारले की, तेल टायरांत जाऊ लागले तर सोयाबीनचा भाव वाढेल काय? बहुधा वाढेल, असे आम्ही म्हणालो. त्यांना आनंद झाला. त्याच दिवशी संध्याकाळी घरी तेलाचा डबा संपला होता, आणि नव्या डब्याची किंमत ऐकून आमच्या मातोश्रींनी यंदा दिवाळीला शेव निम्मीच करावी असे सुचविले. आम्ही दोघांपैकी कोणास चूक म्हणावे? शेतकऱ्यास भाव हवा, हे न्याय्य आहे. आणि घरात मोहनास तेल हवे, हेही न्याय्यच आहे. आम्ही ज्या तक्त्याची प्रशंसा केली होती, त्यात या दोहोंपैकी एकाही गोष्टीचा विचार नव्हता.

आमच्या बालपणी माळव्यातील पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवीत आणि रब्बीत गहू-हरभरा घेत. पुढे त्या पडीक महिन्यांत सोयाबीन आले आणि बघता बघता सारा माळवा त्याने व्यापला. सोयाबीनच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९८७ साली आमच्या इंदुरातच स्थापन झाले. या दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा असते आणि प्रथिने सुमारे चाळीस टक्के. म्हणून दाणा दळतात तो प्रथम पेंडीसाठी. अमेरिकेत पशुपालनासाठी पेंडीची मागणी इतकी मोठी की तेल मागे उरते, आणि त्यास गिऱ्हाईक शोधावे लागते. तेथील उत्पादक मंडळाने टायरांच्या प्रयोगास पैसा पुरविला, त्याचे मर्म हे आहे. आपल्याकडील स्थिती नेमकी उलटी. भारतास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून येते. अर्जेंटिना व ब्राझीलहून सोयाबीनचे, इंडोनेशिया व मलेशियातून पामचे. तेल उरलेल्या देशाने ते टायरांत घातले तर तो शहाणपणा ठरेल. तेल तुटलेल्या देशाने तेच केले तर त्या जागी खाद्यतेलाची आणखी एक बोट मागवावी लागेल आणि तिच्यासाठी कदाचित दूरच्या बेटावर आणखी जंगल तुटेल. टायरावर मात्र 'वनस्पतिजन्य' हीच अक्षरे झळकतील.

ही नुसती कल्पना नव्हे. इतिहासात असे घडून गेले आहे. प्लॅस्टिकच्या युगाचा आरंभ सेल्युलॉइडने झाला आणि १८७० च्या सुमारास त्यास आकार देता येऊ लागला तो कापराच्या योगे. जगातील त्या पहिल्या मोठ्या मृदुकारकाचा उगम वनस्पतीतच होता. कंगवे, गुंड्या, पुढे चित्रपटांच्या फिती, सर्वांस कापूर लागू लागला. कापराची झाडे मुख्यतः फॉर्मोसा बेटावर आणि जपानात. जपानने १८९५ मध्ये फॉर्मोसा घेतले आणि १८९९ मध्ये तेथील कापराचा सरकारी मक्ता स्थापिला. कापरासाठी डोंगरांवरील जुनी अरण्ये तोडली गेली आणि तेथील आदिवासींना शस्त्रबळाने मागे रेटण्यात आले. देवापुढे जळून निःशेष होणारा कापूर आपण पावित्र्याचे प्रतीक मानतो. त्याच कापराने, कंगव्याच्या मऊपणासाठी, एका बेटावर एवढे केले. दोष झाडाचा नव्हता. त्याचा हिशेब कोणी मागितला नाही, हा दोष होता.

म्हणून या विषयावर वर्गात बोलताना शिक्षकाने तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत, असे आम्ही सुचवितो. हे मोहन रबरात टिकते की बाहेर पडते? बाहेर पडलेच तर ते कोणाच्या अंगी लागते? आणि ते आणले कोठून: ताटातून, अरण्यातून, की टाकाऊ मालातून? या कसोटीस काजूचे टरफल उत्तम उतरते. एरंड खाद्य नसल्यामुळे बराचसा उतरतो. मात्र त्याच्या जोडीला येणाऱ्या सोळा कार्बनांचा हिशेब सांगितला पाहिजे. तळणाचे वापरून झालेले तेल शुद्ध करून कामी आणता आले, तर तेही उतरेल. सोयाबीनचे उत्तर देशागणिक बदलते, आणि ते बदलते हे मुलांस कळणे, हाच त्या धड्याचा खरा लाभ होय. आमच्या गटाच्या तक्त्यावरील वाक्य पुढच्या प्रदर्शनात आम्ही पुसून टाकण्यास सांगितले नाही. त्याच्या शेवटी फक्त प्रश्नचिन्ह घालावयास लावले.

ज्यांना प्रयोग करून दाखवावयाचा असेल, त्यांना साहित्य अगदी अल्प लागेल. पांढऱ्या खोडरबराचे दोन तुकडे घ्यावेत. एक प्लॅस्टिकच्या पट्टीवर उघडा ठेवावा, दुसरा कागदात गुंडाळून ठेवावा. वर दोन जाड पुस्तके ठेवून कपाट लावावे, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडावे. आमच्या त्या विद्यार्थिनीने हा प्रयोग स्वतः केला. ती आता दहावीत आहे. परवा ती आमच्या खोलीत आली, तेव्हा तिच्या हातात दोन पट्ट्या होत्या. एकीवर वण होता, दुसरी स्वच्छ होती. ती म्हणाली, "सर, तोंड कुठे आहे ते कळले. आता ते तेल कोणत्या झाडाचे, की झाडाचे नव्हेच, ते वेष्टनावर का लिहीत नाहीत, ते सांगा." आम्ही तिला पुन्हा एकदा उद्याचे आश्वासन दिले आहे.